तट कुणाचा, वाडी कुणाची

लष्कराची एखादी जागा रिकामी होणार अशी नुसती कुजबुज झाली तरी मुंबई-पुण्याच्या बिल्डरांची झोप उडते. खाली दुकानं, वर घरं, कोपऱ्यात कार्यालयं, मधे रुमालाएवढी बाग, आणि सगळ्याला एक भारदस्त नाव! पालघर जिल्ह्याला याचं कसलं अप्रूप? फौज गेल्यावर जागेचं काय करायचं, याचा सराव आमच्याकडे जुना आहे.

तारापूरचा किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला. सुरुंग लावून, तट चढून, माणसं गमावून. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. पुढे हाच किल्ला तारापूरच्या विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराकडे इनाम म्हणून गेला. आजही तो खाजगीच आहे. आत नारळ-चिकूची वाडी, आणि पाहायचा तर आधी परवानगी काढायची. मालकांवर माझा राग मात्र नाही. वाडी आहे म्हणून तट दिसतो. एखाद्या बिल्डरच्या हाती गेला असता तर बुरुजावर क्लबहाऊस दिसलं असतं.

वसईला याहून मजा. तो किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेलं अख्खं शहर: चर्च, वाडे, इस्पितळ, बाजार. इंग्रजांनी तो मेजर लिटलवूड नावाच्या गोऱ्याला भाड्याने दिला, आणि त्याने आत साखर कारखाना काढला! आता किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणजे मुख्यतः लग्नाआधीच्या फोटोंकडे.

आणि आता आमचा नवा इनामदार, शहरं वसवणारं सरकारी महामंडळ सिडको. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, पण साहेबांना बसायला जागा नव्हती. सरकारने ४४० हेक्टर जमीन काढली. त्यातल्या १०३ हेक्टरवर सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारून द्यायचं आणि उरलेल्या ३३७ हेक्टरवर नवं शहर वसवून, भूखंड विकून खर्च भरून काढायचा. पेशव्यांच्या कारकुनाला हा हिशेब एका दमात कळला असता. चाकरी करा, जमीन घ्या. पालघरजवळच्या कोळगावला ही कार्यालयं २०२१ मध्ये सुरू झाली. झकास आहेत. फक्त दाखल्यासाठी जव्हार-मोखाड्याहून निघालेल्या माणसाचा दिवस अजून एसटीतच जातो.

शहराला ना नाही. पण सातपाटीची कोळीण पाटी घेऊन बसेल तो बाजार, पोरं क्रिकेट खेळतील ते मैदान आणि बोईसरच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला परवडेल ते घर, या तिन्हींचे भूखंड क्रमांक सिडकोने विक्रीच्या जाहिरातीच्या आधी छापावेत. एकदा भूखंड विकले गेले की परवानगी मागत दारात उभं राहायची आमची सवय तारापूरला चांगली झालेली आहे.