पेनाने भरलेले १२० तास

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे, शिवाय सात दिवसांचे शिबिर. वहीत साऱ्या वर्गाचे बरोबर १२० भरले, ना ११३ ना १३१, की खुशाल समजावे, तास घड्याळाने नव्हे, पेनाने मोजलेत. त्यात शिबिर बहुधा हिवाळ्यात. दिवाळीनंतर बीडमधली गावंच्या गावं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या गावातली प्रभातफेरी कुलपांना आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना घोषणा ऐकवून परतते. वहीत मात्र ‘जनजागृती, ४ तास’.

कुणी म्हणेल, यात नुकसान कुणाचे? पोराला प्रमाणपत्र मिळाले, महाविद्यालयाला अहवाल. नुकसान त्याचे, ज्याने खरोखर घाम गाळून नव्वद तास भरले आणि नव्वदच लिहिले. तो अपुरा, शेजारचा पूर्ण! तास सोडून कामच लिहायला लावावे, तर झाडांचे खड्डेही वहीतच खणले जातील. त्यापेक्षा लावलेली झाडे उन्हाळा सरल्यावर मोजावीत. मोजायला मात्र दुसऱ्या महाविद्यालयाची पोरे पाठवावीत. हवे तर त्यांचे तेवढे तास धरावेत.