गेजकाका

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहाड ते बदलापूर या पट्ट्यात गुणवत्तेचा हंगाम सुरू होतो. हॉल मिळत नाहीत, शाली मिळत नाहीत, प्रमुख पाहुणे तर मुळीच मिळत नाहीत. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. त्यांवर गुणवंतांचे फोटो पासपोर्ट आकाराचे आणि गौरव करणाऱ्यांचे पूर्णाकृती. ब्याण्णव टक्केवाली एखादी मुलगी सकाळी ज्ञातीच्या संस्थेकडून गौरवली जाते, दुपारी माजी नगरसेवकाकडून, संध्याकाळी गणेशोत्सव मंडळाकडून. रात्री घरी गेल्यावर आई विचारते, “अगं, एवढ्या कंपासपेट्या ठेवायच्या कुठं?”

या हंगामात गेजकाका फुलून येतात. खिशाला चार पेनं, त्यातलं एक लाल. काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर, फोल्डरात अर्ज, अर्जांना टाचणी नाही, क्लिप. टाचणीनं कागदाला भोक पडतं आणि भोक हा काकांच्या लेखी दोष आहे. आमच्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या ट्रस्टचे ते मानद चिटणीस. मी विश्वस्त, म्हणजे ते बोट ठेवतील तिथं सही करणारा. असा एक काका या पट्ट्यातल्या प्रत्येक ट्रस्टला असतो. ट्रस्टच्या घटनेत त्याची तरतूद नसते, पण तो नसला तर घटना कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. फिटर म्हणून लागले आणि तपासनीस म्हणून निवृत्त झाले. १ ऑक्टोबर २०२१ पासून फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा काका म्हणाले, “मी होतो तोवर फॅक्टरी होती.” जन्मभर काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मोजल्या. मोजायचं साधन म्हणजे गो-नो-गो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं, एकही गेलं नाही तर लहान. दोन्ही वेळा माल रिजेक्ट. निवृत्तीनंतर गेज फॅक्टरीत जमा करावं लागलं, पण डोक्यातलं कुणी मागितलं नाही. ते आता होतकरू विद्यार्थ्यांना लागतं.

“गरीब पाहिजे,” काका समजावतात, “हे गो टोक. पण फार गरीब नको. फार गरीब असला की मध्येच कॉलेज सोडतो, कामाला लागतो, आपले पैसे वाया. ते नो-गो टोक.” असं गाळत गाळत शेवटी जो उरतो तो असा असतो, की आम्ही काहीही दिलं नाही तरी त्याचं कॉलेज पुरं होणार असतं. काकांच्या मते हेच यश. वार्षिक अहवालात ‘आपल्या साहाय्याने शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी: १००%’ हे वाक्य गेली कित्येक वर्षं एकही अक्षर न बदलता छापलं जातं. बारवी धरणाकडच्या पाड्यांवर नववीतच शाळा सुटलेली पोरं आहेत. ती आमच्या अर्जापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे टक्केवारीला धोका नाही.

ट्रस्टचा पैसा कसा चालतो हेही सांगायला हवं, कारण गुणवत्तेचं मूळ तिथं आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला हा ट्रस्ट. कायम निधी बँकेत मुदत ठेवीत, मुद्दलाला हात लावायचा नाही, वाटायचं ते व्याज. नव्वदीच्या सुरुवातीला ठेवीला बारा-तेरा टक्के मिळत, तेव्हा सत्तर टक्केवाला पोरगा आमच्याकडे हुशार ठरायचा. पुढे व्याज उतरत गेलं आणि हुशारी चढत गेली. करोनाच्या काळात ठेवी साडेपाचच्या आसपास आल्या, तेव्हा हुशार व्हायला ब्याण्णव टक्के लागू लागले. त्याआधीच दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं होतं, कला-क्रीडेचे वाढीव गुण आले होते, आणि शंभरपैकी शंभरवाले दिसू लागले होते. काका हवालदिल झाले. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं त्या दिवशी बाकीची माणसं घराचे हप्ते मोजतात. काका कट-ऑफ लावतात.

अर्ज चार पानी आहे. सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. उल्हासनगरवाल्यानं उल्हासनगर तहसीलला जायचं, बदलापूरवाल्यानं गाडीनं अंबरनाथला यायचं, कारण बदलापूर अंबरनाथ तालुक्यात. बापाचा एक खाडा, सेतू केंद्रातल्या दोन फेऱ्या, झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्र. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात पिसावर काम करणाऱ्या बाईला पगाराची पावती कोण देणार? ती सांगते, “काका, हजार पिसाचे धागे कापले की इतके मिळतात.” काका विचारतात, “मालकाचं लेटरहेड?” मालकाच्या कारखान्याला पाटीसुद्धा नाही. गरिबी सिद्ध करायला जेवढी ऐपत लागते, तेवढी नसलेला माणूस आमच्याकडे सधन धरला जातो.

काकांचा आवडता भाग म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. न कळवता जायचं, पाणी प्यायचं, चहाला नको म्हणायचं आणि नजर फिरवायची. फ्रिज दिसला की लाल पेन निघतं. काकांचं फोल्डर पाहताच एक वर्षी अंबरनाथच्या एका चाळीत पहिल्या घरचा फ्रिज शेजारी गेला. काका शेजारी गेले, कारण तिथल्या मुलाचाही अर्ज होता. तोवर फ्रिज मागच्या दारानं तिसऱ्या घरी. दुर्दैवानं अर्ज तिसऱ्या घरचाही होता, आणि फ्रिजला आता जायला चाळच उरली नव्हती. काकांनी फ्रिजजवळ जाऊन वाकून दारावरचं गणपतीचं स्टिकर पाहिलं. फ्रिजची वायर खाली लोंबत होती आणि भिंतीत प्लगच नव्हता. मागच्या दोन्ही घरांत याच उंचीचा मोकळा कोपरा आणि वर पुसलेली भिंत दिसली होती. इतकी वर्षं लॉट नंबर वाचलेला माणूस तो.

मला वाटलं, तिघेही गेले. पण काकांनी तिघांच्या अर्जावर शेरा मारला: ‘शीतकपाट: तीन कुटुंबांत एक. प्रतिकुटुंब ३३.३३%. ग्राह्य.’ गेजमध्ये बसलं की काकांना माणसाबद्दल आकस नसतो. हे मात्र त्यांचं मान्य केलं पाहिजे. आकस असलेले चिटणीसही मी पाहिलेत. ते फ्रिज न पाहताच आडनाव पाहतात.

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी बदलापुरात शिरली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली, त्या आठवड्यातही काका पाहणीला निघाले. बदलापूर पश्चिमेच्या तळमजल्यांवर गाळ होता. मुलं दोरीवर मार्कशीट वाळत घालत होती. एका घरात काकांनी इस्त्री मागितली, वीज नव्हती. मग त्यांनी नियमावलीत स्वतःच्या हातानं एक कलम वाढवलं: ‘ओला दाखला, अक्षर वाचता येत असल्यास, चालेल.’ ते कलम अजून आहे. दर वर्षी एखादा चतुर पोरगा दाखला बुडवून आणतो.

मुलाखतीत काकांचा प्रश्न एकच: पुढे काय होणार? उत्तरही एकच असतं. यूपीएससी करून कलेक्टर होणार आणि समाजाची सेवा करणार. हे उत्तर मुलांना कोण शिकवतं, कळत नाही, पण आमच्या यादीतले सगळे खरोखर कलेक्टर झाले असते तर महाराष्ट्रातले जिल्हे पुरले नसते. काका प्रत्येकाला बडोद्याचा दाखला देतात. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. “आणि करारावर सही घेतली होती,” काका बोट उंचावतात, “परत येऊन संस्थानात नोकरी करीन म्हणून!” करारावर त्यांचा जीव आहे. परत आल्यावर बडोद्यात आंबेडकरांना राहायला कुणी धड जागा दिली नाही आणि त्यांना शहर सोडावं लागलं, हा भाग काका सांगत नाहीत. तो छाननीच्या कक्षेबाहेर येतो.

मध्यंतरी एमआयडीसीतल्या एका कंपनीचा पैसा आला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आसपासच्या भागाला आधी द्यावे अशी अपेक्षा असते. कारखान्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या काठच्या माणसाला हा कायदा एकदम पटतो. पण कंपनीच्या बाईंनी तक्ता पाठवला: प्रत्येक लाभार्थ्याचा आत्मविश्वास मदतीआधी आणि मदतीनंतर, एक ते पाच या मापात. खाली रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. काका दोन रात्री झोपले नाहीत. “टॉलरन्स किती धरायचा? चेहरा साडेतीन असला तर?” जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना तपासत होतं. शेवटी सगळ्यांना आधी दोन, नंतर चार दिले. कंपनी खूष झाली.

समारंभाबद्दल थोडक्यात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, बुके आणि पाहुण्यांची गाडी यांचा खर्च शिष्यवृत्तीच्या रकमेला लागून जातो. रक्कम बँकेत परस्पर जमा होते, म्हणून फोटोसाठी सोफ्याएवढा एक चेक केलाय. नावाच्या जागी स्टिकर. पहिल्या वर्षी एक मुलगी तो खरा समजून घेऊन निघाली. काकांनी तिला अंबरनाथच्या प्लॅटफॉर्मवर गाठलं. बदलापूर लोकल येत होती आणि लेडीज डब्याच्या दारातून बायका ओरडत होत्या, “ए, त्यो फळा घेऊन कुठं चढतीस?” तेव्हापासून चेकमागे लिहिलंय: ‘संस्थेची मालमत्ता. परत करणे.’

यंदा एक मुलगी मुलाखतीला आली. बदलापूरची, बारावी झालेली, एकसष्ट टक्के. कलेक्टर होणार का, तर नाही. “आयटीआय करायचंय काका. मशिनिस्ट.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “आमच्या नियमात फक्त पदवी बसते.”

“फी नकोच आहे, सरकारी आयटीआयला फी फार नसते. सकाळी मी आईबरोबर पोळ्यांच्या ऑर्डरला जाते, ते सुटेल. तेवढं महिन्याचं मिळालं तर.”

अर्जात रकाने तीन: शुल्क, पुस्तके, इतर. ‘इतर’पुढे दीड इंच जागा. बुडालेली रोजंदारी तिथं लिहिता येते का, यावर काका बराच वेळ पट्टी लावून बसले. मी हळूच म्हटलं, “काका, तुम्ही स्वतः आयटीआयवाले. तुम्ही तेव्हा या ट्रस्टकडे आला असतात तर?”

“नसतो बसलो,” काका ताडकन म्हणाले. चेहऱ्यावर चक्क समाधान. “टक्के कमी, वडील गिरणीत, घरात सात माणसं. दोन्ही टोकांनी रिजेक्ट. गेज चोख आहे.”

अर्ज लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी काका त्या मुलीला आणि मला घेऊन उल्हासनगरला निघाले, दोन नंबरातल्या एका कापडवाल्या शेठकडे. शेठ आमचे जुने देणगीदार. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकीत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली, तेव्हा ते गर्दीत होते असं शेठ सांगतात. त्या पिढीतला प्रत्येक जण गर्दीत होता. शेठनी कधी अर्ज वाचला नाही. “फॉर्म तो मेरे बाप ने बहुत भरे, काका. पीछे छूटे मकान का क्लेम. भरते भरते बूढ़े हो गए.” काकांनी एकदा त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुचवली, तर शेठ हसले. म्हणाले, चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी एवढं मोठं नाव कॉलेजला दिलं, पोरं सीएचएम म्हणतात. तलरेजांचं आरकेटी झालं. “मेरा क्या होगा?”

शेठनी मुलीकडे पाहिलं. “मशीन चलाएगी?”

“हो.”

“उंगली संभालना.” गल्ल्यातून नोटा काढल्या, मोजल्या नाहीत, तिच्या हातात दिल्या. “हर महीने आना. नहीं आई तो समझूँगा नौकरी लग गई.”

काकांनी पावतीपुस्तक उघडलं. “शेठ, दोन हजारांच्या वर रोख असेल तर आयकराची सवलत मिळत नाही.”

“किसको चाहिए?”

“बरं. नाव काय घालू?”

“मत डालो.”

“असं नाही चालत. देणगीदाराचं नाव-पत्ता नोंदवावा लागतो.”

“पर मैंने ट्रस्ट को कहाँ दिया, काका? लड़की को दिया.”

काकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग पावतीपुस्तक मुलीपुढे सरकवलं आणि म्हणाले, “तू सही कर. खाली तारीख. आणि नोटा मोजून घे, शेठनी मोजल्या नाहीयेत.”