निरोष्ठ मारिओ

एकाच मजकुराची हवी तितकी रूपं काढून देण्याची बारामतीची परंपरा अडीचशे वर्षांची तरी आहे. कऱ्हेकाठी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. कथा तीच, पात्रं तीच, शेवट तर शेंबड्या पोरालाही ठाऊक; बदलायचा तो साचा. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. प, फ, ब, भ गेले ते गेलेच, पण म सुद्धा गेला; आणि म गेल्यावर ‘राम’ म्हणायची सोय उरली नाही. रामाचं नाव न घेता रामायण सांगून दाखवणाऱ्या पंतांना आजचा कुठलाही फॉरमॅट अवघड गेला नसता. मला गेला.

निमित्त माझा मावसभाऊ. राहतो इंदापूर तालुक्यात, आणि गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घेऊन ऊस वाहतो. ट्रॅक्टरला इंजिन असावं हे सरकारी मत. त्याच्या मते ट्रॅक्टरला आधी साउंड सिस्टीम असावी. काटेवाडीपासून अंथुर्ण्यापर्यंतच्या रस्त्यावर हंगामात जी गाणी ऐकू येतात, ती त्याला पाठ झाली आहेत आणि त्यांचा त्याला कंटाळाही आला आहे. म्हणून त्यानं फोन केला. ‘दादा, तू कॉम्प्युटरवालाएस. मला ते मारिओचं म्युझिक काढून दे की पेनड्राइव्हवर.’

मारिओ म्हणजे आमच्या नव्वदीतल्या सुट्ट्या. एका घरी टीव्ही गेम, आणि त्या घरी अख्खी आळी. त्या गेमला जे लावायचं त्याला आम्ही कॅसेट म्हणत होतो आणि हातात धरायच्या त्या वस्तूला रिमोट. कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत मोजून दहा-बारा खेळ, बाकी त्यांचेच पुनर्जन्म. तेव्हा त्या कॅसेटी कुणाच्या परवानगीनं निघाल्या होत्या हा प्रश्न आम्हाला पडला नाही, आणि आता मावसभावाला पडत नाही.

आता गंमत अशी की गेममध्ये गाणं नसतंच. म्हणजे ऑडिओ कॅसेटीत जसं भरलेलं असतं तसं नसतं. १९८५ साली कोजी कोंडो यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं संगीत केलं, तेव्हा तो सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसवायचा होता. ३२ किलोबाइट सूचनांना, ८ चित्रांना. त्यात आवाज साठवायला जागा कुठली? म्हणून साठवल्या त्या फक्त आज्ञा: हा स्वर लाव, इतका वेळ धर, सोड. वाजवायचं काम यंत्रातल्या चिपचं. तिच्यापाशी पाच गळे: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोटे नमुने वाजवणारा. चौकोनी दोघे गातात, त्रिकोणी खर्ज धरतो, खरखर ताल देते. भातखंड्यांनी स्वरलिपीत लिहून ठेवलेली बंदिश आणि ती गाणारा बुवा, हे दोघं एकाच डब्यात बसलेले. काढून देणारे लोक खेळातून फक्त लिपी उचलतात, तिची एनएसएफ नावाची मोजक्या किलोबाइटांची फाइल करतात, आणि बुवाची नक्कल करणारा प्रोग्रॅम ती वाजवतो. व्हीएलसी सुद्धा वाजवतं. ट्रॅक्टरचा प्लेअर मात्र वाजवत नाही. त्याला एमपी३ लागते.

म्हणून बुवाला गायला लावायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. सीडीच्या दर्जाला मिनिटाला दहा एमबी. ती दाबून १२८ केबीपीएसच्या एमपी३ला आणली, तरी तीन मिनिटांचं गाणं जवळपास तीन एमबी होतं. म्हणजे ज्या खेळातून गाणं काढलं, तो अख्खा खेळ, त्यातल्या राक्षसांसकट आणि राजकन्येसकट, त्या एका गाण्यात सत्तर वेळा मावेल. रसाहून चिपाड जड भरावं अशातला हा प्रकार, आणि तो ऊस वाहणाऱ्याला समजावून सांगताना मला भलताच आनंद झाला. त्याला झाला नाही. ‘बसतंय ना पेनड्राइव्हात?’ एवढंच त्यानं विचारलं.

बसवायला गेलो तर दुसरी अडचण. या गाण्याला शेवट नाही. सुरुवात आहे, मध्य आहे, आणि मग पुन्हा पहिल्याकडं वळण. कोंडोंना ते संपवण्याची गरजच नव्हती, कारण खेळणारा किती वेळ रेंगाळेल हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडं गाणं संपायचं ते तीन कारणांनी: मारिओ मेला, वीज गेली, किंवा आईनं बटण बंद केलं. एमपी३ला यातलं एकही चालत नाही. तिला लांबी सांगावी लागते. रिवाज असा की दोन फेरे होऊ द्यायचे आणि मग दहा सेकंदांत आवाज विझवत न्यायचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोनसमोर बसल्या, तेव्हा तासभर चालणारा राग तीन मिनिटांच्या आत आवरायचा होता. त्यांनी आवरला आणि शेवटी स्वतःचं नावही सांगितलं, कारण तबकडी छापणाऱ्याला कळायला हवं की गाणारं कोण. त्या मानानं माझं काम सोपं. पण अमर वस्तूला मरण नेमून देताना हात जरा कचरतोच.

नावाचीही पंचाईत होतीच. साध्या एनएसएफमध्ये गाण्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक. मावसभावानं फोनवर बारसं उरकलं: मारिओ वरचं, मारिओ खालचं, पाण्यातलं, किल्ल्यातलं. पाण्यातलं तीन मात्रांत डुलतं, ते त्याला विशेष आवडतं. ‘उजनीच्या बॅकवॉटरला बसल्यागत वाटतंय’ म्हणाला. ‘वरचं’ म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलेलं गाणं. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच गेलं. तिथं त्याला काय म्हणतात ते असो, आमच्या पेनड्राइव्हवर ते ‘वरचं’च आहे.

पेनड्राइव्ह दिला. संध्याकाळी फोन. ‘दादा, ह्यात काय राम नाही बघ.’

मी म्हटलं, अरे, मूळ फाइलीतून काढलंय, जपान्यांनी लिहिलं तसंच्या तसं. तो म्हणाला, तसंच आहे पण ते नाही. पळतंय. आणि आवाज निराळाय. आणि त्यात उडी कुठाय?

तिन्ही तक्रारी खऱ्या निघाल्या. लय पडद्याला बांधलेली असते. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा ५० वेळा. म्हणजे पाल टीव्हीवर तेच गाणं सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगानं जाणार. टोकियोतल्या पोरांनी जे द्रुत ऐकलं, ते आमच्या आळीनं मध्य लयीत ऐकलं. आवाजाचं म्हणाल, तर आमच्या टीव्ही गेमांत मूळ चिप नव्हती, तिची नक्कल होती, आणि असल्या बऱ्याच नकलांमध्ये चौकोनी लहरींच्या दोन रुंद्यांची अदलाबदल झालेली असे. सूर तेच, गळा दुसऱ्याचा. मूळ आवाज शुद्ध आहे हे मान्य. पण आमच्या कानांवर संस्कार झाले ते नकलेचे, आणि संस्कार झाले की माणूस शुद्धाला नाक मुरडतो.

उडीची तक्रार सगळ्यात भारी. पाचच गळे, त्यात मारिओनं उडी मारली की पहिला चौकोनी गळा गाणं सोडून उडीचा आवाज काढायला धावतो. नाणं घेतलं की दुसरा. वीट फोडली की तालवाला उठतो. म्हणजे आम्ही ते गाणं सलग कधी ऐकलेलंच नाही. त्याला भोकं होती, आणि ती आम्हीच पाडत होतो, प्रत्येक पोरगं वेगवेगळ्या ठिकाणी. माझी एमपी३ निर्दोष होती. तिच्यात मारिओच नव्हता. मोरोपंतांच्या निरोष्ठात नाव नसून राम असतो. ते पंतांनाच जमावं.

शेवटी इम्युलेटर, म्हणजे अख्ख्या टीव्ही गेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पालवर लावला, लहरींची अदलाबदल करून घेतली आणि मावसभावालाच खेळायला बसवलं. मी शेजारी ऑडॅसिटीवर आवाज धरला. हात अजून चांगला आहे त्याचा, पण खड्ड्याचा अंदाज चुकतो. तो पडला की गाणं मध्येच तुटतं, मरणाची ती छोटीशी धून वाजते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं हे कापतो. तो म्हणाला, हात लावू नको.

हल्ली तो ते कारखान्याच्या रांगेत लावतो. गव्हाणीवर नंबर संध्याकाळी लागेल की पहाटे, कुणी सांगू शकत नाही, आणि इतक्या मोकळ्या वेळात विझत न जाणारं गाणंच बरं पडतं. मारिओ मेला की मागच्या ट्रॅक्टरवरून कुणीतरी ओरडतं, ‘किती लाइफ राहिल्या रे?’ सगळी त्याच वयाची माणसं. पुढच्या हंगामाला त्यांना कॉन्ट्रा हवा आहे. त्यात गोळीबार थांबतच नाही, तेव्हा गाण्याला किती गळे शिल्लक राहतील याची मला शंका आहे. पण खेळायला कोण बसणार यावरून त्यांच्यात आत्ताच वाद सुरू झाला आहे.