हळहळीला कलम नाही

आयकराबद्दल कुरकुर करण्याचा हक्क झाशीकरांना इतरांपेक्षा थोडा जास्त आहे. १८५७च्या धामधुमीत सरकारी तिजोरीला भोक पडलं, ते बुजवायला विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ आले आणि २४ जुलै १८६० रोजी हिंदुस्थानात पहिला आयकर लागू झाला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळवणाऱ्याला दोन टक्के, त्यावर चार टक्के. विल्सनसाहेब पुढच्या तीन आठवड्यांतच कलकत्त्यात वारले. कर मात्र जगला. त्याच्याही आधी, झाशी खालसा झाल्यावर राणीसाहेबांना दरमहा पाच हजारांचा तनखा देऊ केला होता आणि दिवंगत पती गंगाधररावांचं कर्ज त्यातूनच फेडा, असं वर सांगितलं होतं. तेव्हा वजावटीची झाशीला जुनी ओळख आहे. फरक इतकाच की आता आम्हाला ती उलट दिशेने हवी असते.

मी या गावात लोकांची विवरणपत्रं भरतो. त्यामुळे कोर्टाची पायरी न चढता ‘वकीलसाहेब’ झालो आहे. रेल्वेतले, भेलमधले, माणिक चौकातले दुकानदार आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली, हिंदीत भांडून मराठीत समेट करणारी आपली मंडळी, असे सगळे जून-जुलैत पिशव्या घेऊन येतात. पिशवीत विम्याच्या पावत्या असतात, मुलांच्या फीच्या असतात आणि हल्ली तळाशी एक गुळगुळीत, रंगीत, जाड फाइल असते. तिच्यावर समुद्र असतो. ती बाहेर निघाली की मी चहा सांगतो, कारण आता वेळ लागणार असतो.

ती फाइल टाइमशेअरची. आपल्याकडे हा धंदा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. काही लाख एकदा भरायचे, मग पुढची पंचवीसेक वर्षं दरवर्षी एक आठवडा कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. हंगामांना रंग असतात. ज्या रंगात शाळेला सुट्टी असते तो महाग, आणि ज्यात धो धो पाऊस असतो तो आपल्याला परवडणारा. शिवाय दरवर्षी देखभालीची वर्गणी. तुम्ही जा अथवा न जा, ती येतेच.

हे सगळं विकलं जातं ते ‘लकी ड्रॉ’च्या जेवणात. पेट्रोल पंपावर चिठ्ठी भरलेली असते, नंबर लागतो, नवरा-बायकोने जोडीनेच यावं अशी अट असते. पनीर संपत आलं की टाय लावलेला मुलगा हळूच म्हणतो, ‘अंकल, इन्कम टॅक्समध्येही फायदा होतो.’ कोणत्या कलमाखाली, हे तो सांगत नाही. आणि गुलाबजाम तोंडात असताना माणूस कलम विचारत नाही.

ते कलम शोधण्याचं काम मग माझ्याकडे येतं. एक निवृत्त मास्तर म्हणतात, ‘हप्ता भरतो, म्हणजे गृहकर्जच की.’ मी म्हणतो, काका, गृहकर्जाच्या व्याजाची सूट घराला आहे, आणि घर आपल्या मालकीचं लागतं. तुमच्याकडे आहे तो राहण्याचा हक्क, तोही सात रात्रींचा. ते म्हणतात, ‘मग घरभाडं धरा.’ दुसरे, बँकेतले, ऐंशी-सीचा आग्रह धरतात. त्या कलमात विमा आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, मुलांची शिक्षण फी आहे, पण उटीचा बाल्कनीवाला कमरा नाही. १९६१चा कायदा जाऊन २०२५चा आला आणि ऐंशी-सीचं कलम १२३ झालं, हे कळल्यावर त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, ‘नव्या नंबरात तरी बसेल का?’

प्रवास सवलतीचा मुद्दा मात्र अर्धा खरा असतो, आणि अर्ध्या खऱ्याशी भांडणं फार कठीण. जुन्या करपद्धतीत, नोकरदाराला मालकाकडून मिळालेल्या प्रवासभत्त्यावर, चार वर्षांच्या गटात दोनदा सूट मिळते, पण ती फक्त देशातल्या प्रवासभाड्यावर. म्हणजे रेल्वेचं तिकीट सरकारला मान्य आहे. पोहोचल्यावर झोपायचं कुठे, हा तुमचा खासगी प्रश्न.

व्यापारी मंडळी याहून पुढची. एका स्टीलच्या भांड्यांच्या दुकानदाराने अख्खी सहल धंद्याच्या खर्चात टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाले, ‘मुन्नारच्या स्विमिंग पूलमध्ये लुधियानाचा एक पार्टी भेटला होता. ताटांचा भाव निघाला.’ सोबत सासूबाईंचीही तिकिटं होती. त्या कुठल्या खात्याच्या प्रमुख होत्या, ते विचारण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

आणि मग निघतो तो न्यू जर्सीचा भाचा. ‘त्याला तिकडे मिळते वजावट!’ भाचा खोटं बोलत नाही. अमेरिकेत आठवडा मालकीच्या दस्ताने घेतलेला असेल, कर्ज त्यावरच तारण असेल आणि तो दुसरं घर म्हणून गणला जात असेल, तर व्याजाची वजावट मिळू शकते. पण देखभालीची वर्गणी तिथेही वजा होत नाही, आणि स्वतःच्या सुट्टीसाठी घेतलेला आठवडा तोट्यात विकला तर तो तोटाही नाही. म्हणजे तिकडचा माझा व्यवसायबंधूही हेच समजावत बसलेला असणार. हे ऐकून मला उगाच बरं वाटतं.

खरी गंमत वेगळीच आहे. सभासदाने भरलेल्या या पैशांवर आयकराचा मोठा वाद झाला, पण तो कंपनीचा. महिंद्रा हॉलिडेजच्या प्रकरणात खातं म्हणत होतं, सगळी फी मिळाल्या वर्षीच उत्पन्न धरा. कंपनी म्हणत होती, सेवा तर वर्षानुवर्षं द्यायची आहे. २०१०मध्ये चेन्नईच्या अपिली न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. फी घेणाऱ्याला ती वर्षांवर वाटून घेता येते. देणाऱ्याच्या वाट्याला एक रुपयाही येत नाही.

वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर माझ्या एक लक्षात आलं. ही माणसं कर वाचवायला आलेलीच नसतात. आपल्या पिढ्यांना सरकारने एक सवय लावली: विमा काढलास, शाबास, घे वजावट; घर बांधलंस, शाबास, घे वजावट. वजावट म्हणजे खर्च शहाणपणाचा होता, याचा सरकारी दाखला. टाइमशेअरवाल्याला तो दाखला हवा असतो, कारण घरातून मिळालेला नसतो. काकू शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असतात, आणि मी मान हलवली की त्या काकांकडे बघतात. ते बघणं कुठल्याही नोटिशीपेक्षा कडक असतं.

आता तर नव्या करपद्धतीने हा दाखलाच मोडीत काढला. २०२५-२६पासून त्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य, आणि जुन्या बहुतेक वजावटी बाद. मी मास्तरांना आनंदाने सांगितलं, ‘काका, तुम्हाला करच नाही. शून्यातून काय वजा करणार?’ इतका खिन्न झालेला करमुक्त माणूस मी पाहिला नव्हता.

हट्ट करून खोटी वजावट टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो की उत्पन्न चुकीचं दाखवून बुडवलेल्या करावर दुप्पट दंडाची तरतूद आहे, आणि ही गोष्ट काकूंच्या कानावर जाणं बरं नाही. बाकीच्यांना माझा सल्ला साधा आहे. पैसे भरलेच आहेत, तर सहलीला जा. पावसाळ्याचा रंग मिळाला असेल तर भजी खा. नवरा-बायकोने सात दिवस कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काढले, हा फायदा कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून त्यावर करही लागत नाही. आणि पुन्हा कधी लकी ड्रॉमध्ये नंबर लागलाच, तर जेवण जरूर जेवून या. सही मात्र मला विचारून करा.