दोन थाउचा माणूस

लोणी देवकरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी डायमेकर होतो. हे मी कुणी न विचारता सांगतो. हायवेच्या टपरीवर नवा माणूस दिसला की चहा येण्याआधी सांगतो. जुन्या माणसांनी हल्ली टपरी बदलली आहे.

त्यामुळे टेक्सासला लेकीकडे गेल्यावर जावईबापूंच्या गॅरेजात टेबलाला आवळलेला हँडप्रेस दिसला, तेव्हा मी आधी चष्मा पुसून घेतला. जावईबापू रायफलीच्या उडवलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय असं काही मांडून बसलं तर १९५९ चा शस्त्र अधिनियम दारात येऊन उभा राहील. त्यांचा तो शनिवारचा विरंगुळा.

बार उडाला की पितळेची पुंगळी फुगून चेंबरला चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही, मग जराशी आकसते. पण मूळ मापावर काही येत नाही. तिला डायमध्ये दाबून मापात आणायची. पुंगळीच्या मानेखालचा खांदा मागे सरकवायचा तो दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. हावरटासारखा जास्त ढकलला, तर पुढच्या बाराला पितळ ताणून बुडाशी तुटायची भीती. आणि बाहेरून तेलाचं बोट फिरवलं नाही, तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की निघता निघत नाही.

पितळ म्हटलं की मला आवरत नाही. काडतुसाच्या पितळेत सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. इंग्रजांची फौज पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायची. पाऊस सरल्यावर बघावं तर पुंगळ्यांना तडे! साहेब चक्रावला. उलगडा व्हायला १९२१ उजाडलं: ओढून घडवलेल्या पितळेत ताण दडलेला असतो आणि घोड्याच्या मुतातला अमोनिया तो फोडतो. तोफखान्यासकट आलेलं साम्राज्य, आणि त्याचा दारूगोळा घोड्याने नासवला. ही गोष्ट मी जावईबापूंना सांगितली, त्यांच्या मित्रांना सांगितली, मित्रांच्या बायकांना जेवताना सांगितली. लेकीने भाताचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

मग जावईबापूंनी प्रेसचा दांडा माझ्या हाती दिला. दांडा खाली ओढताना पितळ आधी अडतं, मग वळतं. पुंगळीच्या बुडातली जुनी प्रायमर टक् करून खाली पडते. निवृत्तीनंतर माझ्या हातांना कुणी काम सांगितलं नव्हतं. भाजी आणा, बिल भरा, ही पायांची कामं. मी भराभर पुंगळ्या ओढल्या. जावईबापू म्हणाले, "बाबा, हात म्हणजे हात आहे तुमचा!" सासऱ्याला एवढं पुरतं.

रात्री पाणी प्यायला उठलो, तर गॅरेजात दिवा. जावईबापू माझी एकेक पुंगळी गेजमध्ये घालून तपासत होते. शेजारी लेक उभी, ट्रे धरून. "बाबांना कळू देऊ नकोस," ती म्हणाली, "आणि उद्यासाठी थोड्या राखून ठेव."

टूलरूममध्ये नव्या पोराचं काम मीही असंच, तो घरी गेल्यावर तपासायचो. तरीही डोकं तापलं. मी आत जाऊन विचारलं, "किती बाद निघाल्या?"

"एकही नाही, बाबा."

"मग सगळ्या तपासून झाल्यात का? त्या कोपऱ्यातल्या राहिल्यात बघा."