बारसं आधी, बाळ मागून

"काल रात्री तुमच्याकडून किंकाळ्या कसल्या गं येत होत्या? म्हटलं, जुंपली की काय!"

"नाही हो काकू, ह्यांना ब्रूनो मात्तेईचं वेड लागलंय. इटलीतला, रोमचा. भुताखेतांचे स्वस्तातले सिनेमे काढायचा. मूळचा संकलक, हातात कायम कात्री. मग दुसऱ्याची रिळं सोडतोय होय! १९८० चा 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. गोष्ट न्यू गिनीतली, शूटिंग स्पेनमध्ये. मग जंगल नि आदिवासी आणायचे कुठून? एका फ्रेंच सिनेमातले तुकडे उचलून मध्ये मध्ये चिकटवले. संगीतही गॉब्लिन बँडचं, आधीच्या सिनेमांत वाजून झालेलं."

"शिळ्या कढीला ऊत!"

"वर दिग्दर्शक म्हणून नाव लावलं व्हिन्सेंट डॉन. म्हणजे लोकांना अमेरिकन वाटावा."

"पण भीती तरी वाटते का?"

"डोंबलाची! घरात मढी शिरलीयेत आणि एक कमांडो हिरवा बॅलेचा झगा चढवून, डोक्यावर उंच टोपी घालून गिरक्या घेतोय. खाल्लं मेल्यांनी त्याला!"

"बरं झालं. नाच म्हणावं!"

"पुढचं ऐका ना. १९८९ मध्ये ह्याने 'टर्मिनेटर २' नावाने सिनेमा विकला. दिग्दर्शक कॅमेरूनचा खरा आला १९९१ ला."

"अगंबाई! बाळ दुसऱ्याचं आणि बारसं ह्याने आधीच उरकलं?"

"आणि आत बघावं तर गोष्ट 'एलियन्स' ह्या दुसऱ्याच सिनेमाची, व्हेनिसच्या भुयारांत! १९९५ च्या 'क्रुएल जॉज'मध्ये तर शार्कसुद्धा दुसऱ्यांच्या सिनेमांतून कापून आणला. एक मात्र आहे हं, अडल्यावेळी उभा राहायचा. लुचिओ फुल्ची म्हणजे भयपटांतलं केवढं नाव! 'झॉम्बी ३' करताना फिलिपिन्समध्ये आजारी पडला. राहिलेलं काम मात्तेई आणि त्याचा लेखक क्लाउदिओ फ्रागास्सो, दोघांनी उरकलं. पडद्यावर नाव फुल्चीचंच."

"तेवढं पुण्य लागलं म्हणायचं. मग म्हातारपणी तरी थांबला का?"

"छे! सत्तरी उलटली तरी फिलिपिन्समध्ये व्हिडिओ कॅमेरा घेऊन मढी उठवत होता. २००७ साली गेला. शेवटच्या सिनेमाची गोष्ट कुठली असेल, सांगा बघू."

"आता काय, परत 'एलियन्स'?"

"तीच! ह्या खेपेला पाणबुडीही घातलीय. तीसुद्धा उचललेली."