दाढ आणि सोमवार

दाढ ठणकते ती रात्रीच, दवाखान्यांची शटरं पडल्यावर. यात तिचा खोडसाळपणा नाही. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि दातातल्या सुजलेल्या नसेला पसरायला जागाच नसते. म्हणून जास्तीची उशी घ्यायची.

पण उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये निवांत कण्हू देतंय कोण? गालावर हात दिसला की विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत जो तो दंतवैद्य. काकू लवंग देतात; ती ठीक, तिच्यातलं युजेनॉल खरंच बधिरता आणतं. भाऊजी ॲस्पिरिन हिरडीवर दाबून धरायला सांगतात. दाढ ठणकतेच, वर हिरडीही भाजते. तिसरा कुणी मागच्या खोकल्यातलं उरलेलं अँटिबायोटिक उदार मनानं काढतो. नसेच्या ठणक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद. इथे कशाचीही हुबेहूब नक्कल मिळते. मिळत नाही ती शनिवारी रात्रीची अपॉइंटमेंट. (चेहरा सुजून ताप आला, तोंड उघडेना, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.)

सोमवारी खुर्चीत डॉक्टर विचारतात, “कुठली दुखते?” आपण तीन दाखवतो.